बुधवारचा होला

लकव्याच्या रोग्याला हिरव्या होल्याचं रक्त चोळतात, हे मला नांदेडला हकीमसाहेबांच्या दवाखान्यात लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. मी देवणीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. शेतात मन रमत नव्हतं, उर्दू अक्षर बरं होतं, तेवढ्या भांडवलावर दवासाज झालो. हकीम नुस्खा लिहून देतो, तो वाचायचा, मुळ्या-साली कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या, काढा असेल तर उकळायचा आणि पुड्या बांधून रोग्याच्या हातात द्यायच्या, हे दवासाजाचं काम. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. पुढं हकीमसाहेब हैदराबादला मुलाकडे गेले, मी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर झालो आणि तिथूनच पेन्शनीत आलो. चाळीस वर्षं लोकांच्या हातात औषधं दिली. त्यातलं काय आठवतं असं कुणी विचारलं, तर मला औषध आठवत नाही, एक पाखरू आठवतं.

पाखराचं आधी सांगतो, कारण त्यात लोकांचा नेहमी घोटाळा होतो. हिरवा होला म्हटलं की त्यांना हरियल वाटतो. हरियल वेगळा. तो वडा-पिंपळाच्या शेंड्याला थव्यानं बसतो, फळं खातो, जमिनीला सहसा पाय लावत नाही. आमचा होला नेमका उलटा. पुस्तकात त्याला पाचू कवडा म्हणतात, असं मला फार पुढं कळलं. तो दाट जंगलात, बांबूच्या बेटाखाली, सावलीत पाचोळ्यावर चालून पोट भरतो. एकटा, नाहीतर जोडीनं. पारव्याहून थोडा लहान. पाठ आणि पंख हिरवेगार, त्यावर उन्हाची तिरीप पडली की पितळेसारखी झाक येते. छाती फिक्या जांभळ्या रंगाची, चोच लाल, नराच्या कपाळाला पांढरा पट्टा. मादी जराशी मळकट.

हे होले आणायचा भीमा. किनवटकडचा, कोलाम आदिवासी, पन्नाशीतला, बोलायला कमी. तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. सागवानाच्या गाड्या नांदेडच्या वखारीला यायच्या, त्यांच्याबरोबर तो चालत यायचा, डोक्यावर बांबूची पसरट टोपली घेऊन. टोपली बुटकी का, ते त्यानंच मला शिकवलं. हा पक्षी भ्याला की सरळ उसळी मारतो. पिंजरा उंच असला की टाळू आपटून मरतो. म्हणून टोपली वीतभर उंचीची आणि वर लाकडी झाकणाऐवजी मऊ कापड. जंगलातसुद्धा तो असाच उडतो म्हणे, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून, झाडांच्या मधून, बंदुकीतून सुटल्यासारखा. जंगलाला लागून असलेल्या चौकीच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून मेलेले होले भीमानं कितीदा उचलले होते.

नकली मालही यायचा. एकानं साधा ठिपकेवाला होला रंगाऱ्याच्या पिंपात बुडवून आणला होता. मी थुंकी लावून अंगठा घासला, तर अंगठा हिरवा आणि होला करडा. हकीमसाहेब पोट धरून हसले. त्याला म्हणाले, "अरे, चोंच तो लाल करता था!"

गिऱ्हाईक वाढलं ते एका जमादारामुळं. त्याचं अर्धं तोंड वाकडं झालं होतं. होल्याचं रक्त लावलं आणि तीन आठवड्यांत तोंड सरळ. त्यानं गावभर डंका पिटला. तसं वाकडं झालेलं तोंड पुष्कळदा आपोआपच सरळ होतं, हे मला सरकारी दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मात्र माझाही विश्वास बसला होता. हकीमसाहेबांचा किती होता, सांगता येत नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "किताब में लिखा है सो मैं लिखता, माधव. तू कूटने का काम कर."

जमादाराची ती गोष्ट ऐकूनच दत्तोपंत मास्तर आमच्या पायरीशी आले.

दत्तोपंत मूळचे अहमदपूरचे, नांदेडच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, हिशेब शिकवायचे. तिशीतले, सडपातळ, टोपी नेहमी हातात. घरात कांदासुद्धा चार महिने वर्ज्य. असा माणूस होल्याचं रक्त मागायला आला, यावरूनच त्यांची हालत ओळखावी. त्यांची बायको सुमती. पहिलं बाळंतपण अवघड गेलं, मूल तिसऱ्या दिवशी गेलं, आणि सुमतीबाईंच्या कमरेखालचं अंगही गेलं. त्याला वर्ष होत आलं होतं.

हकीमसाहेब मास्तर लोकांकडून कशाचेच पैसे घेत नसत. त्यांनी नुस्खा लिहिला. दर आठ दिवसाला एक होला रोग्याच्या घरी कापायचा, ऊन रक्त तेलात घोटायचं, ते तेल रोज संध्याकाळी पायांना चोळायचं. कापायचं काम माझ्याकडं. बुधवार ठरला.

मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "माधवराव, मी शाळेत असताना उरका. मला बघवायचं नाही. तेल मी चोळीन. ते माझं काम."

पहिल्या बुधवारी मी ते काम केलं. परसात कापलं, खड्ड्यात पिसं पुरली, वाटी झाकून ठेवली. मास्तरांची विधवा आत्या घर सांभाळायची, ती तोंडाला पदर लावून आत बसली होती.

दुसऱ्या बुधवारी टोपलीवरचं कापड सोडताना होला हातातून निसटला. परसाकडं न जाता उघड्या दारातून थेट माजघरात शिरला. मी मागं धावलो. सुमतीबाईंची गादी जमिनीवरच घातलेली होती. होला गादीच्या कडेनं चालला होता. पळत नव्हता, चालत होता, मान पुढं-मागं करत, अंगण आपलंच असल्यासारखा. आत्यानं तांदूळ निवडले होते, त्यातले चार दाणे खाली पडलेले. ते टिपत टिपत तो सुमतीबाईंच्या तोंडापासून हातभर अंतरावर आला आणि थांबला.

मी झडप घालणार, तोच त्या म्हणाल्या, "थांबा हो. हलू नका."

मी दारातच थांबलो. मग त्या म्हणाल्या, "वर्ष झालं, मी माणसांच्या हनुवट्या बघून राहिले. जो येतो तो वरून बोलतो. हे एक माझ्या बरोबरीनं उभं हाय."

"वहिनी, औषधाचा वखत जाईल," मी म्हणालो.

"माधवभाऊ, एक विचारू? परवा ह्यांनी तेल चोळलं. ऊन होतं का गार होतं, तेच मला कळलं नाही. पाय माझे नाहीतच आता. मला ठाऊक हाय, यांनाही ठाऊक हाय. पण संध्याकाळी चोळायला बसतात तेव्हा त्यांना वाटतं आपण काहीतरी करून राहिलो. तेवढ्यासाठी तेल पाहिजे. पाखरू कशाला मारायचं?"

मी आत्याकडं पाहिलं. म्हातारी म्हणाली, "माझ्या परसात रगत सांडायचं न्हाई, एवढं झालं तरी मला बास. पण दत्तूला कोणी सांगायचं न्हाई. तू न्हाई अन् मीबी न्हाई."

त्या दिवशी दवाखान्यातून रतनजोत आणली. हे एक मूळ असतं, तेलात टाकून तापवलं की तेल लालभडक होतं. बायका केसांच्या तेलात घालतात. थोडा कात घातला की रंग काळपट येतो. मास्तरांनी रक्ताचं तेल कधी नीट पाहिलेलं नव्हतं, वाटी उघडताना ते तोंड फिरवायचे. त्यांना संशय यायचं कारण नव्हतं.

आणि तोच होला मी दर बुधवारी टोपलीत घालून नेऊ लागलो. एरवी तो माझ्या खोलीत असायचा. मी टोपलीत पाचोळा आणून टाकायचो. तो कोंबडीसारखा पायानं उकरत नसे. चोचीनं एकेक पान उचलून बाजूला टाकायचा आणि खालचं बी टिपायचा. पाणी प्यायचा तेही मान वर न करता, चोच बुडवून, वासरासारखं ओढून. माजघरात सोडला की तो भिंतीच्या कडेनं सावलीतून फिरायचा, उजेडाच्या पट्ट्यात शक्यतो यायचा नाही. तास-दीड तास. आत्या वाती वळत बसायची, मी उंबऱ्यापाशी, आणि सुमतीबाई एका कुशीवर.

त्या विचारायच्या आणि मला सांगता यायचं नाही. मग भीमा आला की मी त्याला विचारून ठेवायचो. दवाखान्यात मी कुठल्या मुळीबद्दल एवढं विचारलं नसेल. घरटं कुठं बांधतो? भीमा म्हणाला, बांबूत, हात पुरेल इतक्या उंचीवर, चार काड्या आडव्यातिडव्या, खालून बघितलं तर अंडी दिसतात. अंडी दोनच, सायीच्या रंगाची. कोण उबवतं? दोघंही पाळीपाळीनं. पंधरवड्यात फुटतात.

पुढच्या बुधवारी मी हे सांगितल्यावर सुमतीबाईंनी विचारलं, "अन् पिल्लांना काय घालतात? एवढ्या चोचीत किडे का दाणे?"

भीमानं सांगितलं होतं ते मी बोलून गेलो. "दूध. गळ्यात, जिथं दाणे साठवतात तिथं दुधासारखं तयार होतं. पिल्लू आईच्या तोंडात चोच घालून पितं. नुसतं आईलाच नाही, बापालाही येतं."

बोलल्यावर माझी जीभ मी चावली. त्यांचं बाळ तीन दिवसांचं होऊन गेलेलं. मग म्हणाल्या, "मला आठ दिवस येत होतं. बाळ गेल्यावरसुद्धा. आत्यानं छातीला मोगऱ्याची फुलं बांधली तेव्हा आटलं." थोड्या वेळानं हसल्या. "नरालाही येतं म्हणजे चांगलंच हाय. एकटीवर नाही पडत."

आत्या वाती तशाच टाकून आत निघून गेली.

एकदाच होला तिथं बोलला. भरदुपार होती. चोच मिटलेली, मान खाली घातलेली आणि छातीतून आवाज, हूं... हूं... लांबवर एखादी गाय कण्हावी तसा. पहिल्यांदा तर आम्हाला कळलंच नाही आवाज कुठून येतोय. भीमा म्हणायचा, जंगलात या आवाजामागं गेलं की माणूस वाट चुकतो, कारण पक्षी पुढ्यात असतो आणि आवाज लांबचा वाटतो. सुमतीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "कोणाला हाक मारतो?" त्यांनी विचारलं.

"जोडीदाराला," मी म्हणालो.

"त्याची जोडीदारीण तिकडंच ऱ्हायली ना?"

मी म्हणालो, "पाऊस संपला की भीमाबरोबर परत पाठवू." त्या हो म्हणाल्या. पण मग मीही पाठवला नाही आणि त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

असं आठ-नऊ महिने चाललं. मधे एकदा हकीमसाहेब बरण्या बघत होते. चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघून म्हणाले, "रतनजोत बहुत खतम हो रई रे माधव." मी हातातली पुडी बांधत राहिलो. "अगली बार दुगनी मंगा ले," एवढं बोलून ते नमाजाला गेले. त्यांना किती कळलं होतं, मी कधी विचारलं नाही.

थंडीत सुमतीबाईंच्या पाठीच्या जखमा चिघळल्या. पडून पडून होतात तशा. ताप चढला. हकीमसाहेब स्वतः घरी जाऊन आले, लेप दिला, काढे दिले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही मास्तरांनी आणलं. शेवटच्या बुधवारी मी होला नेला, तेव्हा त्यांना तो ओळखू आला की नाही सांगता येत नाही. डोळे उघडे होते. होला गादीपाशी जाऊन थोडा वेळ उभा राहिला आणि दाणा दिसला नाही म्हणून परत फिरला. दोन दिवसांनी त्या गेल्या.

महिनाभरानं भीमा आला, तेव्हा मी होला त्याच्या हवाली केला. टोपलीतून त्यानं तो परत नेला आणि पकडला होता त्याच नाल्यात सोडला, असं पुढच्या खेपेला सांगितलं. आत्या निलंग्याला तिच्या पुतण्याकडं निघून गेली. जाताना माझ्याकडं बघून तिनं नुसती मान हलवली. सांगू नकोस, असा त्याचा अर्थ मी घेतला.

सांगितलं नसतंही. पण मास्तर वाळत चालले. एकभुक्त राहायचे. दर बुधवारी परसात धान्य टाकायचे आणि कोणी कबूतर आलं की हात जोडून उभे राहायचे. शेजारचे हसायचे. एक दिवस दवाखान्यात आले, हकीमसाहेब नव्हते, आणि माझ्यासमोर बसून म्हणाले, "माधवराव, एवढे मुके जीव मी मारले. दर आठवड्याला एक. त्यांचा तळतळाट तिला लागला. मी तिला वाचवायला गेलो आणि मीच..."

मला ते ऐकवलं नाही.

"मास्तर, एकच मारला," मी म्हणालो.

"काय एकच?"

"होला. पहिल्या बुधवारी मारला तेवढाच. बाकीचं नुसतं तेल होतं. रतनजोतीचं."

त्यांना समजायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. माजघर, तांदळाचे दाणे, वहिनी काय बोलल्या, आत्या काय बोलली. एकही शब्द गाळला नाही. मला वाटलं होतं, त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. उतरलाही असेल. पण त्यांचा चेहरा मी बघत होतो, त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं.

"म्हणजे मी नऊ महिने केसांचं तेल चोळत होतो?"

"व्हय."

"अन् तिला ठाऊक होतं?"

"वहिनींनीच तसं ठरवलं, मास्तर."

"मी चोळायचो तेव्हा ती मला विचारायची, हात दुखले का म्हणून." एवढं म्हणून ते खाली बघत राहिले. मग अचानक आवाज चढला. "पण औषध झालंच नाही की हो! एखाद्या वेळेस गुण आला असता! जमादाराला आला ना? तुम्ही कोण ठरवणारे? ती आजारी होती, तिला काय कळत होतं? तुम्ही दवासाज ना, नुस्ख्यात लिहिलं ते द्यायचं सोडून..."

होल्याच्या रक्तानं लकवा जात नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट मला आजही टोचते. मी खात्रीनं काही केलेलं नव्हतं. एका बाईचं बोलणं मनाला पटलं आणि मी नुस्खा मोडला, एवढंच. तो नुस्खा खरा असता तर?

मास्तर टोपी विसरून निघून गेले. मी ती दुसऱ्या दिवशी शाळेच्या चपराशाकडं दिली.

उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर ते पुन्हा आले. बाहेरच उभे राहिले. "तुमचा तो भीमा कुठं राहतो?" त्यांनी विचारलं. "मला ते पाखरू बघायचंय. माझ्या घरात नऊ महिने येत होतं आणि मी पाहिलंच नाही."

दिवस बिघडत चालले होते, रस्त्यात झडत्या व्हायच्या. तरी आम्ही निघालो. मोटारीनं, पुढं बैलगाडीनं, शेवटी पायी. भीमाच्या पाड्यावर मुक्काम केला. मास्तरांनी वाटेत माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

पहिल्या सकाळी काही दिसलं नाही. आवाज तेवढा आला, आणि भीमानं सांगितलं, आवाजाच्या मागं जायचं नाही, बसून राहायचं. दुसऱ्या सकाळी आम्ही आटत आलेल्या नाल्याच्या काठी, बांबूच्या आडोशाला बसलो. ऊन अजून खाली उतरलं नव्हतं. पायवाटेवर समोरून एक होला चालत आला. पान उलटायचा, थांबायचा, पुढं यायचा. त्याच्या मागून मादी आली. दोघं पाण्याशी गेले, चोची बुडवून प्याले. आमच्यापासून पाच-सहा हातांवर. आपलाच होला होता का, ते सांगता आलं नसतं. तसले सगळे सारखेच दिसतात.

मास्तर कुजबुजले, "ते पान काहून उलटतं?"

"खाली बी असतं. कधी वाळवी."

"तिला हे ठाऊक होतं?"

"मला ठाऊक होतं तेवढं सगळं."

"अजून काय विचारायची ती?"

मी सांगत गेलो. घरटं, अंडी, पाळीपाळीनं बसणं. दुधाचंही सांगितलं, आणि त्यावर वहिनी काय म्हणाल्या तेही. मास्तरांनी चेहरा ओंजळीत घेतला. आवाज केला नाही. पण खांद्यांची हालचाल पाखरांना दिसली असावी. दोघंही एकदम उडाली, नाल्यावरून, अगदी खालून, आणि बांबूत दिसेनाशी झाली.

भीमा टोपली विणायला कामट्या तोडत होता. आम्ही उठलो. पाड्याकडं चालताना मास्तर पुढं होते. मधेच थांबले आणि मागं न बघता म्हणाले, "माधवराव, पाखराचं तुम्ही बरं केलंत. तिचं बरं केलंत का नाही, ते मला ठरवता येत नाही. आणि मला सांगितलंत ते तर अजिबातच ठरवता येत नाही."

"मलाही नाही येत, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढं चालू लागले. मी त्यांच्यामागून चालत राहिलो.